परतल्यावर घ्यायच्या गोळ्या

माझ्या बायकोच्या तापाबद्दल मी डॉक्टरांशी खोटं बोललो. बोललो म्हणजे तोंडातून शब्दही काढला नाही. त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. त्यामुळे तिच्या उपचाराला उशीर झाला आणि तिचा जीव धोक्यात आला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे डास, लशी, सरोवर, कपड्यांची इस्त्री अशा बऱ्याच गोष्टी येतील आणि त्यांच्यात रमायची मला सवय आहे. मी नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. एखादी गोष्ट समजली की ती दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि समजावून सांगितली की ती आपण पाळलीच, असं मला वाटायला लागतं.

आमची एकुलती मुलगी लग्नानंतर युगांडाला गेली. जावई देवळाली प्रवराकडचे. उसाच्या पट्ट्यात वाढले, साखर कारखान्यात केमिस्ट झाले आणि तिकडच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली. आपल्या जिल्ह्यातून साखरेच्या कामावर आफ्रिकेत गेलेली माणसं थोडीथोडकी नाहीत, पण आमच्या घरातून हे पहिलंच. मुलगी फोनवर म्हणायची, "पप्पा, एकदा मम्मीला घेऊन या. इथेही ऊसच आहे, तुम्हाला परकं वाटणार नाही." शेवटी मी रजा साठवली आणि आमचं जायचं ठरलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, खोकल्याच्या नि पोटाच्या चार गोळ्या लिहून देतील. हे डॉक्टर आमच्या गल्लीच्या टोकालाच बसतात. मुलीच्या गोवरापासून त्यांनी आम्हाला पाहिलं आहे. ते म्हणाले, "सर, टायफॉइड आणि काविळीची लस मी इथे देतो. मलेरियासाठी रोज एक गोळी, जायच्या आधी सुरू करायची, तिथे घ्यायची आणि परतल्यावर आणखी चार आठवडे. पण पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस माझ्याकडे नाही. ती ठरलेल्या सरकारी केंद्रातच मिळते. पुण्याला जावं लागेल. आणि जायच्या आदल्या दिवशी जाऊन चालणार नाही, सुई घेतल्यावर दहा दिवस झाल्याशिवाय तो दाखला लागू होत नाही."

मला फार मजा वाटली. एका तापासाठी सरकारने वेगळं केंद्र ठेवावं आणि त्या तापाचा एकही रोगी मी कधी पाहिलेला नसावा, हे काय प्रकरण आहे, हे मला जाणून घ्यायचं होतं. बायको म्हणाली, "तुम्हाला युगांडापेक्षा सुईचीच जास्त घाई झालेली दिसतेय."

पुण्याच्या केंद्रात बाकावर आमच्या शेजारी एक जवान गडी बसला होता. बोलण्यावरून आपल्याकडचाच वाटला, म्हणून विचारलं. पाथर्डी तालुक्यातला निघाला. रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायला तो काँगोला चालला होता.

"आमच्या गावचे लोक ऊस तोडायला कोल्हापूरपस्तोर जात्यात," तो म्हणाला. "मी जरा फुडं चाललो."

"घरचे काय म्हणतात?" माझ्या बायकोने विचारलं.

"आई म्हनती, थितं साप लई हायेत. म्या म्हनलं, आपल्या उसाच्या पाचटात काय कमी हुते का?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, ही सुई घेतल्याबिगर तिकडं घेतच न्हाईत म्हन?"

समोरच्या टेबलावरून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिकडचं सोडा. ही नसली तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतील."

मी लगेच उठून टेबलाशी गेलो आणि का, असं विचारलं. बाईंना हा प्रश्न रोज कुणी विचारत नसावं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आपल्या देशात पीतज्वर नाही," त्या म्हणाल्या. "पण तो पसरवणारा डास आपल्या घराघरात आहे. डेंग्यूचाच तो, पायावर पांढरे पट्टे असलेला. म्हणजे गाडी उभीच आहे, फक्त प्रवासी आलेला नाही. एखादा माणूस तो ताप रक्तात घेऊन उतरला की बाकीचं काम आपले डास करतील."

हे मला कधी सुचलं नव्हतं. तोवर मी समजत होतो की सुई माझ्या रक्षणासाठी आहे. ती माझ्यासाठी होतीच, पण तेवढीच ती माझ्या गल्लीसाठी, शाळेतल्या पोरांसाठीही होती.

बाईंनी सुईआधी प्रत्येकाला काही विचारलं. आधी कुठला आजार, कुठली औषधं, आणि अंडं खाल्ल्यावर अंगावर काही उठतं का. पाथर्डीचा गडी गोंधळला. "म्याडम, आमी माळकरी. अंडं कदी खाल्लंच न्हाई, तर उठतं का न्हाई ते कसं सांगू?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "केक खाल्लाय का?"

"वाढदिवसाचा? तो खाल्लाय की. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला समद्या गावानं खाल्ला."

"मग काही झालं का?"

"मला न्हाई झालं. पुढारी पडला निवडनुकीत."

केकमध्ये अंडं असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही. बाईंनी आमच्याकडे एक नजर टाकली आणि आम्हीही गप्प बसलो.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर अंगणातल्या पाण्याच्या ड्रमवरचं झाकण काढलं. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे दोन ड्रम कायम भरलेले. आत अळ्या डोकं खाली करून लोंबत होत्या. यापूर्वी त्या शंभर वेळा पाहिल्या असतील, पण त्या दिवशी मी बराच वेळ वाकून बघत राहिलो. बायको दारातून म्हणाली, "अहो, युगांडा ड्रममध्ये नाहीये." मग दोघांनी मिळून ड्रम पालथे केले, घासले आणि वर जुनी ओढणी ताणून बांधली. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात याच विषयावर माझा अख्खा तास गेला.

युगांडात मुलीच्या घरी पोचल्यावर पहिल्या सकाळी पाहिलं, तर ती रुमालांना इस्त्री करत होती. मग मोजे, बनियन, टॉवेल, सगळ्यांना. मी म्हणालो, "अगं, इथे इतकी शिस्त कुठून आली? नगरला असताना तुझा गणवेशसुद्धा चुरगळलेला असायचा."

"शिस्त नाही पप्पा, माशी," ती म्हणाली. बाहेर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर तिथली एक माशी अंडी घालते. ते कपडे तसेच घातले तर अळी कातडीत शिरते आणि तिथे गळू होतं. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात. म्हणून आतल्या कपड्यांनासुद्धा इस्त्री. हे ऐकल्यावर माझ्या बायकोने माझी लुंगी दोन्ही बाजूंनी इस्त्री केली.

दारांना, खिडक्यांना जाळ्या होत्या. पलंगावर मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या. संध्याकाळ झाली की लांब बाह्या आणि हातापायाला मलम. जावईबापू सांगायचे की मलेरियाची डासीण रात्री चावते आणि पीतज्वराचा डास दिवसा, म्हणून दोन्ही पाळ्या सांभाळायच्या. त्यांच्या बोलण्यात कारखानाच असायचा. बसताना मलेरियाची डासीण शेपूट वर करून तिरपी बसते, हे मी पुस्तकातून शिकवत आलो होतो. तिथे मी ते बॅटरी घेऊन भिंतीवर शोधलं. एकदा सापडली. मी सगळ्यांना बोलावलं. मुलीने चप्पल मारून माझं संशोधन संपवलं.

तिथून नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते ती जागा जवळ होती. माझ्या बायकोचा आग्रह एवढाच होता की बायबलमधल्या बाळ मोशेला ज्या नदीत टोपलीत ठेवलं होतं, तिच्या पाण्यात एकदा पाय बुडवायचे. जावईबापू नाही म्हणाले.

"मम्मी, या काठच्या पाण्यात गोगलगायी असतात. त्यांच्यातून किडे निघतात आणि कातडीतून अंगात जातात."

"मी पोहणार थोडीच आहे? नुसते पाय."

"पायातूनच जातात, मम्मी."

ती कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मोशेलाही टोपलीतच ठेवलं होतं, पाण्यात नाही."

असं आम्ही तिथे सगळं पाळलं. पाणी उकळून, फळं सोलून. न्याहारीच्या ताटाशेजारी मुलगी आम्हा दोघांच्या मलेरियाच्या गोळ्या ठेवायची आणि भरपूर पाण्याबरोबर गिळेपर्यंत उभी राहायची. निघायच्या दिवशी तिने उरलेल्या गोळ्या आईच्या पर्समध्ये घातल्या. "चार आठवडे, मम्मी. विसरायचं नाही."

विमानात बायकोने मला विचारलं, "देश सोडला तरी गोळी कशासाठी?"

मी खूश झालो. "डासीण चावली की जंतू आधी यकृतात जाऊन बसतो," मी सांगितलं. "तिथे गुपचूप वाढतो आणि मग रक्तात उतरतो. ही गोळी त्याला रक्तात गाठते. तो कधी उतरेल हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून पहारा चालू ठेवायचा." पहारा हा शब्द मला फार आवडला. कशासाठी घ्यायच्या हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवली नाही.

आम्ही परतलो त्याच आठवड्यात लेंट सुरू झाला. गुड फ्रायडेआधीचा हा आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. माझी बायको लग्नाआधीपासून तो पाळते. दिवसभर काही खात नाही. संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या बायकांची घरोघर प्रार्थनासभा होते, ती करून आल्यावर जेवते. त्या बायकांत गाणी तीच सुरू करते. तेव्हा सकाळी न्याहारी नाही, आणि रिकाम्या पोटी ती गोळी घेतली की तिला उमळून यायचं. जेवणानंतर घेऊन पाहिली, तर लगेच आडवं झाल्यावर छातीत जळजळ. आठवडाभर तिने रेटलं. मग एका संध्याकाळी शाल घेऊन सभेला निघताना दारात थांबली.

"अहो, घेऊ का बंद करू? तुम्ही सांगा."

लग्नाच्या इतक्या वर्षांत औषधाची गोष्ट तिने माझ्यावरच सोडलेली. डॉक्टरांचा दवाखाना गल्लीच्या टोकाला, त्या वेळी उघडाच होता. विचारलं असतं तर त्यांनी वेळ बदलून दिली असती, नाहीतर दुसरी गोळी दिली असती. मी म्हणालो, "आता आपण घरी आलोय. तिथे जाळीत झोपलो, इस्त्रीचे कपडे घातले, आपल्याला एक डास चावलेला नाही. कर बंद."

मीही बंद केल्या. तिला सोबत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाही कंटाळा आला होता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलं. आमच्या मंडळीतली दोन-तीन मुलं परदेशी चालली होती, आईबापांना काळजी होती. "सर, तुम्ही सगळं पाहून आलात, जरा समजावून सांगा," ते म्हणाले. आमच्या डॉक्टरांनाही त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये मी फळ्यावर डास काढला. माळकरी गड्याचा किस्सा सांगितला, लोक हसले. इस्त्री सांगितली, गोगलगाय सांगितली. शेवटी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, "आणि त्या मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावर बंद करायच्या ना?"

"नाही," मी म्हणालो. "तिथेच लोक चुकतात. आल्यावरही चार आठवडे घ्यायच्या. पहारा चालू ठेवायचा."

पुढच्या रांगेत डॉक्टरांनी कौतुकाने मान डोलावली. त्यांच्या मागे बसलेली माझी बायको माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादा माणूस काय करतो आहे ते नीट समजून घ्यावं, तशी.

घरी येताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "पहारेकरी घरी झोपलेत, ते नाही सांगितलंत."

"उद्यापासून परत सुरू करू."

"मधे सोडून परत घेतल्या तर चालतात का?"

"डॉक्टरांना विचारतो."

मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी बंद केल्याचं सांगायला हवं होतं, आणि ते आदल्याच दिवशी माझ्यासाठी टाळ्या वाजवून गेले होते.

ताप आला तो एका दुपारी, थंडी वाजून. मी शाळेतून आलो तेव्हा ती दोन गोधड्या घेऊन पडली होती. मनात पहिला विचार कुठला आला हे मला माहीत आहे, आणि तो मी कसा बाजूला सारला हेही. सध्या साथ आहे, मी म्हणालो. शाळेत निम्मी पोरं शिंकताहेत.

डॉक्टरांच्या दवाखान्यात पडद्यामागच्या टेबलावर त्यांनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. "अंगदुखी, डोकेदुखी. व्हायरलच वाटतंय, खूप चाललंय सध्या. रक्त तपासून घेऊ." ते लिहू लागले. मग पेन थांबलं. "मलेरियाचंही बघायचं का? पण तुमच्या गोळ्या पूर्ण झाल्या असतील." आणि हसून म्हणाले, "सर, तुम्हाला काय विचारायचं म्हणा."

मी होकाराची मान हलवली. मलेरियाच्या तपासणीची लिहिलेली ओळ त्यांनी खोडली.

पुढे काय झालं ते मी थोडक्यात सांगतो. ताप उतरायचा, चढायचा. रक्ताच्या तपासणीत काही आकडे कमी आले, तेही व्हायरलमध्ये येतात. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याचा पेला घेऊन गेलो तर ती म्हणाली, "मोजे इस्त्री केले का? पोरगी रागवेल." मला वाटलं गंमत करते आहे. मग तिने तेच पुन्हा विचारलं, आणि मी तिचे डोळे पाहिले. पांढऱ्याच्या जागी पिवळट झाले होते.

शेजाऱ्यांच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली तरुण डॉक्टर स्ट्रेचरबरोबर चालता चालता विचारत होती. "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बाहेर कुठे प्रवास?"

"युगांडा."

"मलेरियाच्या गोळ्या?"

"मधेच बंद केल्या," मी म्हणालो. "मीच करायला सांगितल्या."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नर्सला काही सांगितलं आणि रक्त घेतलं गेलं. जे शब्द काढायला मला इतके दिवस लागले, ते तिच्या दृष्टीने नुसतं एक उत्तर होतं, बाकी काही नाही. थोड्याच वेळात ती परत आली. मलेरिया होता, त्यातलाही मेंदूपर्यंत जाणाऱ्या जातीचा. शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं," ती म्हणाली. "आत्ताही मी लगेच काही सांगू शकत नाही. उद्या बघू."

बाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी नातेवाईक म्हातारीने विचारलं, "मालकीन हाय का वो तुमची? लई शिकलेल्या दिसत्यात." तिने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी आमचे डॉक्टर आपला दवाखाना बंद ठेवून आले. माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, "गोळ्या पूर्ण घेऊनही क्वचित होतो, सर. मला ते माहीत होतं. मी ती तपासणी खोडायला नको होती. माझी चूक झाली. मला माफ करा."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका." एवढंच म्हणालो. माझ्या वाटणीची माफी त्या माणसाने मागितली आणि मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीत आली. तिने आधी विचारलं की शुक्रवारच्या सभेत गाणी कोणी सुरू केली. आठवड्याने घरी आणली. अशक्तपणा जायला बराच काळ गेला. मुलगी रोज फोन करायची आणि म्हणायची, "गोळ्या घेऊनसुद्धा कसं झालं?" मी विषय बदलायचो. बायकोला ठाऊक होतं की गोळ्या मी बंद करायला लावल्या. पण तिने ते कुणाला सांगितलं नाही, मुलीलासुद्धा नाही. डॉक्टरांपुढे मी काय केलं ते तिला माहीत आहे का, हे मला कळत नव्हतं. ती पडद्यामागे होती, तापात होती. मी विचारत नव्हतो.

ती बरी झाल्यावर मंडळीने आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. दुखण्यातून उठलेल्याने अशा सभेत चार शब्दांत साक्ष द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. सभेच्या सकाळी ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती आणि काय बोलायचं ते घोळवत होती. "माझ्या यजमानांनी वेळेवर ओळखलं आणि दवाखान्यात नेलं, म्हणून आज मी..."

"असं म्हणू नकोस," मी म्हणालो.

"का? नेलंत की."

मी सांगायला सुरुवात केली. आधी उपवासाचं सांगितलं, मग भाषणाचं, मग जंतू यकृतात किती काळ राहू शकतो ते.

"हे वर्गात सांगा," ती म्हणाली. "मला काय सांगायचंय?"

तेव्हा मी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, ती ओळ लिहिली होती, आणि माझ्या मान हलवण्यावर खोडली होती.

तिचा हात ताटात थांबला. "पडद्यामागून मला त्यांचा आवाज येत होता," ती म्हणाली. "तुमचा आला नाही. मला वाटलं, तुम्ही हळू आवाजात खरं सांगितलं असेल आणि तरी त्यांनी नाही तपासलं. इतके दिवस मी त्या माणसावर मनातून रागावलेय. आज सभेला त्यांना बोलावायचं नाही असं म्हणणार होते."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"माझं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी जाऊन त्यांना सोडवा."

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी मला पाहून आत बोलावलं आणि तपासायचं यंत्र हातात घेतलं. मी ते खाली ठेवायला सांगितलं आणि उभ्यानेच बोललो. ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"मी रोज रात्री ती ओळ खोडतोय, सर," ते म्हणाले. "तरी तुमच्या मानेवर विश्वास ठेवून खोडली, ते माझंच. पुढच्या वेळी कुणी सर असो नाहीतर कलेक्टर, मी तपासणार." मग विचारलं, "बाईंना सांगितलंत?"

"त्यांनीच पाठवलं."

"मग तिकडे जा. इथे पेशंट थांबलेत. संध्याकाळी येतो मी."

घरी आलो तेव्हा तांदूळ निवडून झाले होते आणि ती ओट्याशी उभी होती. वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "खरं म्हणजे त्या वेळी माझ्या मनात..." तिने मागे वळून पाहिलं. पुढचं मी सोडून दिलं.

"तू मला विचारलंस आणि मी तुला चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "आणि तू तापात पडली असताना माझी लाज वाचवायला मी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."